मुलीच्या कराटे वर्गात इतका वेळ काताच का करून घेतात?

डोंबिवलीकर_बाबा

नमस्कार मंडळी,

माझी मुलगी सहावीत आहे. जूनपासून आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये भरणाऱ्या कराटेच्या वर्गाला जाते. शोतोकान शैलीचा वर्ग आहे. पांढऱ्या बेल्टवरून यलोवर गेली, आता ऑरेंजची तयारी चालली आहे. ती रमली आहे, घरीही आरशासमोर करत असते.

मी तिला न्यायला थोडा लवकर जातो आणि दाराशी उभा राहून बघतो. बहुतेक वेळ मुलं रांगेत उभी राहून मोजणीवर हवेत ठोसे मारतात. मग 'हेआन शोदान' नावाचा एकच ठरलेला क्रम, ज्याला काता म्हणतात, परत परत करतात. डावीकडे वळायचं, हात खाली झटकायचा, पुढे जाऊन ठोसा, मागे वळायचं, पुन्हा तेच. समोर कोणीच नाही! मी साताऱ्याकडचा. लहानपणी तालमीच्या कट्ट्यावर बसून कुस्त्या बघितल्या आहेत. तिथे पोरगं मातीत उतरलं की लगेच अंगाला अंग भिडतं. इथे महिनोन्महिने कोणी कोणाला हात लावत नाही.

दुसरी शंका. ठोसा मारताना दुसरा हात कमरेशी ओढून ठेवतात. मग तोंड उघडं पडत नाही का? मुलीला विचारलं तर म्हणाली, "सर म्हणतात तसंच करायचं." सरांना विचारलं, ते हसून म्हणाले, "तुम्हीच या उद्यापासून, करताना कळेल." माणूस भला आहे, पण उत्तर काही मिळालं नाही.

तर जाणकारांनी सांगावं:
काता कशासाठी? शोतोकान ठीक आहे की दुसरी एखादी शैली बघावी? आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी मी खरंच सुरुवात केली तर झेपेल का?

---

रोहन_कुमिते

काका, मी पुण्यात विद्यापीठ पातळीवर कुमिते खेळलोय, म्हणून त्या बाजूचं सांगतो.

कराटेचे तीन भाग धरतात. कीहोन म्हणजे सुटे ठोसे, किक, ब्लॉक यांचा सराव. काता म्हणजे ठरलेला क्रम. कुमिते म्हणजे समोरासमोर लढत. तुमच्या मुलीचा अजून यलो बेल्ट आहे, त्यामुळे कुमिते फारसं दिसणार नाही. ग्रीन-ब्लूनंतर वाढेल.

स्पर्धेत एक लाल, एक निळा. मोठ्यांची लढत तीन मिनिटांची. ठोशाला एक गुण, त्याला युको म्हणतात. पोटावर किंवा पाठीवर किक बसली तर वाझा-आरी, दोन गुण. डोक्याच्या उंचीची किक, किंवा खाली पडलेल्यावर नेमका वार, म्हणजे इप्पोन, तीन गुण. पण वार आवरता आला पाहिजे. टोकियो ऑलिंपिकमध्ये (७ ऑगस्ट २०२१) पुरुषांच्या ७५ किलोवरच्या गटाची फायनल बघा. सौदीचा तारेग हमेदी ४-१ ने पुढे होता. त्याची किक इराणच्या सज्जाद गंजझादेहला अशी लागली की तो जागेवर बेशुद्ध पडला. नियंत्रण नसलेला वार म्हणून हमेदी बाद झाला आणि स्ट्रेचरवरून बाहेर नेलेल्या गंजझादेहला सुवर्ण मिळालं. लोकांनी त्यावर खूप वाद घातला. माझ्या मते पंच बरोबर होते. थांबवता येणं हा या खेळाचा पाया आहे.

काताबद्दल माझं मत तितकंसं चांगलं नाही. ठोशाचं टायमिंग, अंतर, पायांची हालचाल, हे सगळं कुमितेत कळतं. लवकर कुमिते सुरू करणारा वर्ग मिळाला तर बघा.

---

सेन्सेईबाई

डोंबिवलीकर दादा, प्रश्न फार चांगला विचारलात. मी नाशिकला एका शाळेच्या पत्र्याच्या शेडमध्ये मुलामुलींना शोतोकान शिकवते, आणि पालकांनी हे विचारावं असं मला मनापासून वाटतं. जरा लांबण लागेल, सावकाश वाचा.

मुलं रांगेत उभी राहून मोजणीवर का करतात, इथपासून सुरू करते, कारण त्यामागे इतिहास आहे. कराटे ओकिनावाचं. आज ते जपानचं बेट आहे, पण १८७९ पर्यंत तिथे र्‍युक्यू नावाचं वेगळं राज्य होतं. राजधानी शुरी, बंदर नाहा, शेजारी तोमारी. चीनशी व्यापार आणि राजनैतिक येणंजाणं चालायचं, त्यातून तिथल्या हातांच्या लढाईत दक्षिण चीनच्या फुजियान प्रांतातलं पुष्कळ मिसळलं. गरीब शेतकऱ्यांनी सामुराईंशी लढायला हे शोधून काढलं अशी गोष्ट बऱ्याच वर्गांत सांगतात. प्रत्यक्षात ज्यांची नावं आपल्यापर्यंत आली ते बहुतेक राजदरबारातले अधिकारी घराण्यांतले लोक होते. मात्सुमुरा सोकोन हे तर राजांच्या पदरी होते. त्या काळी गुरूकडे एक-दोन, फार तर चार-पाच शिष्य असत. शिकवणं अंगणात किंवा रात्री. हाताला हात लावून, धरून, ओढून, पाडून.

मात्सुमुरांचे शिष्य इतोसू आन्को (१८३१-१९१५). १९०१ च्या सुमारास शुरीच्या प्राथमिक शाळेत कराटे व्यायाम म्हणून आलं, त्यामागे ते होते. १९०८ साली त्यांनी शिक्षण खात्याला दहा कलमांचं पत्र लिहिलं. शाळेत हे शिकवा, मुलांची शरीरं दणकट होतील, देशाला आणि लष्करालाही उपयोग होईल, असा त्याचा सूर. आता विचार करा, पन्नास-साठ पोरं मैदानात, एक मास्तर. डोळ्यात बोट, गळ्यावर वार, सांधा मोडणं, असलं काही शिकवायचं कसं? म्हणून त्यांनी पाच सोपे काता तयार केले, पिनान नावाचे. मुठी मिटलेल्या, हालचाली मोठ्या आणि स्वच्छ, सगळ्यांनी मोजणीवर एकदम करायच्या.

तुमची लेक करते तो हेआन शोदान त्या पाचांतलाच. इतोसूंचे शिष्य फुनाकोशी गिचिन हे ओकिनावात शाळामास्तर होते. १९२२ साली शिक्षण मंत्रालयाने भरवलेल्या व्यायाम प्रदर्शनासाठी ते टोकियोला गेले आणि तिथेच राहिले. वय त्रेपन्न. ओकिनावाच्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात एका खोलीत राहायचे, अंगण झाडायचे, आणि जागा रिकामी असेल तेव्हा कराटे शिकवायचे. त्यांनीच पिनानला हेआन म्हटलं आणि पहिल्या-दुसऱ्याचा क्रम बदलला. ज्युदोचे संस्थापक कानो जिगोरो यांनी त्यांना कोदोकानमध्ये, म्हणजे ज्युदोच्या मुख्य केंद्रात, प्रात्यक्षिकाला बोलावलं. आपण आज घालतो तो पांढरा गी, रंगीत पट्टे, दान वगैरे पदव्या, हे सगळं ज्युदोकडून आलेलं आहे. शेकडो वर्षांची परंपरा म्हणून जे दाखवलं जातं त्यातलं बरंच १९२० नंतरचं.

म्हणजे दादा, तुम्ही दारातून बघता तो देखावा शाळेच्या कवायतीचा आहे. त्यात वाईट काही नाही. त्यामुळेच कराटे जगभर गेलं आणि माझ्यासारखीच्या हाती लागलं. पण त्या कवायतीच्या आत जुनी झटापट तशीच शिल्लक आहे, आणि ती बाहेर काढावी लागते. तिला बुंकाई म्हणतात: कातातली प्रत्येक हालचाल जोडीदाराबरोबर उलगडून बघणं. बुंकाई शिकवलीच नाही तर तुमची शंका शंभर टक्के खरी, मुलं हवेत हात हलवून घरी जातात.

तुमचा कमरेवरचा हात घ्या. त्याला हिकिते म्हणतात. समोर कोणी नसेल तर तो बिनकामाचा दिसतो, तोंडही उघडं पडतं, अगदी मान्य. आता समोर माणूस उभा करा. त्याने तुमची कॉलर धरली आहे. तुमच्या डाव्या हाताने त्याचं मनगट किंवा बाही पकडा आणि डावा हात पिळून कमरेशी ओढा. तो पुढे झुकेल, पाय सुटेल, आणि नेमका तुमच्या उजव्या ठोशावर येईल. मागे ओढलेला हात रिकामा नव्हताच, त्यात समोरच्याचा हात होता. कातात तो माणूस दिसत नाही एवढंच.

आता हेआन शोदानची चौथी हालचाल बघा. एकूण एकवीस हालचाली आहेत. तिसरीत मुलं उजवीकडून मागे वळून उजवा हात खाली झटकतात, गेदान-बाराई. चौथीत पुढचा उजवा पाय अचानक मागे ओढतात, उजवा हात डोक्यावरून गोल फिरवून मूठ हातोड्यासारखी खाली आणतात. अख्ख्या कातात असं एकदाच येतं. का? कोणीतरी तुमचं उजवं मनगट पकडलं आहे. पाय मागे घेतल्याने सगळं वजन मागे जातं आणि त्याचा हात ताणला जातो. गोल फिरवल्याने तुमचं मनगट त्याच्या अंगठ्याच्या बाजूने सुटतं, कारण पकडीतली कच्ची जागा अंगठा आणि बोटं मिळतात तिथेच असते. आणि सुटलेली मूठ त्याच्या हातावर किंवा गळपट्टीच्या हाडावर पडते. माझ्या वर्गातल्या मुलींना मी हे पहिल्या आठवड्यात शिकवते. आधी जोडीत, मग कातात. एकदा मनगट सुटल्याचं अंगाला कळलं की ती मुलगी चौथी हालचाल पुन्हा कधी ढिली करत नाही.

पुढे दहावी हालचाल आहे, पाऊण गिरकी, २७० अंशांची. बाजूला शत्रू आला म्हणून वळलो असं लहान मुलांना सांगतात. बाजूला वळायला कोणी इतकं लांबून फिरेल का? समोरच्याला धरून तेवढं वळलात तर तो तुमच्या कमरेवरून किंवा पायावरून जमिनीवर जातो. फुनाकोशींच्या १९३५ च्या पुस्तकात नऊ फेकी दिलेल्या आहेत. आज कित्येक ब्लॅक बेल्टना कराटेत फेक असते हेच माहीत नसतं, याचं मला वाईट वाटतं.

रोहन, तुझं अंतराबद्दलचं म्हणणं पटतं. काताने टायमिंग येत नाही, त्याला समोर हलता माणूसच लागतो. पण कुमितेची सुरुवात दोन मीटरांवरून होते, दोघे तयार, पंच मध्ये उभा. रिक्षा स्टँडवर कोणी हात धरला तर ते दोन मीटर कुठून आणायचे? काता त्या जवळच्या अंतरासाठी आहे. तबल्यात कायदा जसा आधी जसाच्या तसा घोटून घेतात आणि मग त्याचे पलटे निघतात, तसं काताचं आहे. कायदाच वाजवत राहिलो तर मैफल होत नाही, आणि कायदा न घोटता पलटे काढायला गेलो तर बोटं अडखळतात.

शैलीबद्दल थोडक्यात. जागतिक महासंघ चार मोठ्या शैली धरतो. शोतोकानमध्ये पाय लांब टाकलेले, बैठक खोल, वार सरळ आणि लांबचे. गोजू-र्‍यू नाहाकडची, मियागी चोजुन यांची. जवळून लढायचं, श्वासावर फार भर, सान्चिन नावाचा काता अक्षरशः श्वास आणि ताठ शरीर यांचाच. शितो-र्‍यूत शुरी आणि नाहा दोन्हीकडचे भरपूर काता. वादो-र्‍यूच्या ओत्सुका यांनी जपानी जुजुत्सू मिसळलं, त्यामुळे अंग चोरून बाजूला सरकणं जास्त. याखेरीज क्योकुशिन, ओयामा मासुतात्सू यांची, तिथे अंगावर पूर्ण ताकदीने मारतात, हाताने तोंडावर मात्र नाही. अकरा वर्षांच्या मुलीसाठी यात डावं-उजवं करू नका. घराजवळ चांगले सर आहेत ना? झालं.

---

भटक्या_वाचक

छान माहिती ताई. पण मूळ मुद्दा राहिला. हे सगळं आपल्याकडूनच गेलेलं आहे. बोधिधर्म दक्षिण भारतातून चीनला गेला, शाओलिन मठात भिक्षूंना शिकवलं, तिथून ओकिनावा. आमच्या शाळेतल्या कराटेच्या सरांनी फोटोच लावला होता त्याचा.

---

सेन्सेईबाई

दादा, ही गोष्ट माझ्याही वर्गात पालक सांगतात, अभिमानाने सांगतात, आणि ती भावना मला समजते. पण मुलांना शिकवताना मी ती सांगत नाही.

बोधिधर्म भारतातून किंवा पश्चिमेकडून चीनला गेले आणि ध्यानाची परंपरा त्यांच्यापासून धरतात, हे ठीक. त्यांनी व्यायाम किंवा लढाई शिकवली हे मात्र एका चिनी व्यायामग्रंथातून आलं. तो सतराव्या शतकातला, म्हणजे बोधिधर्मांनंतर हजारेक वर्षांनी लिहिलेला, आणि जुना वाटावा म्हणून त्याला त्यांचं नाव जोडलेलं. इतिहासाचे अभ्यासक ती जोड मानत नाहीत. आणि मी वर म्हटलं त्या १९०८ च्या पत्रात इतोसूंनी सुरुवातीलाच लिहून ठेवलंय की कराटे बौद्ध किंवा कन्फ्यूशियसच्या शिकवणुकीतून आलेलं नाही. ज्यांनी ते शाळेत आणलं त्यांचंच म्हणणं आहे, त्यापुढे आपण काय बोलणार?

आपल्याकडे कुस्ती आहे, मर्दानी खेळ आहेत, मल्लखांब आहे. कोल्हापूरच्या पेठेत पट्टा फिरवणाऱ्या मुली बघा. आपल्या अभिमानाला तेवढं पुरे आहे. ओकिनावाच्या लोकांचं त्यांच्याकडे राहू द्यावं. छोटं बेट आहे, १९४५ च्या लढाईत होत्याचं नव्हतं झालं त्यांचं, त्यांनी जगाला दिलेली ही गोष्ट आहे.

---

योकोहामाकर

सेन्सेईबाई, शेवटच्या परिच्छेदासाठी तुम्हाला मनापासून नमस्कार.

मी नोकरीसाठी जपानमध्ये आहे आणि ओकिनावाला जाऊन आलोय, म्हणून थोडी भर. नाहाला लागून तोमिगुसुकू गाव आहे, तिथे २०१७ मध्ये 'ओकिनावा कराटे काइकान' उघडलं. संग्रहालय आहे आणि सरावाची मोठी लाकडी जमीन. आत जुनी साधनं मांडली आहेत. चि-इशी म्हणजे काठीच्या टोकाला दगड, मनगट आणि खांद्यासाठी. निगिरी-गामे म्हणजे मातीचे घडे, तोंडाला नुसत्या बोटांनी धरून चालायचं. माकिवारा म्हणजे जमिनीत रोवलेली लवचिक फळी, तिच्यावर ठोसे. हवेत ठोसे मारण्याबद्दल मूळ प्रश्न होता म्हणून मुद्दाम लिहितोय: तिथे हवेतल्या ठोशाबरोबर फळीवरचा ठोसा असायचाच. आपल्याकडच्या वर्गांत फळी बघितल्याचं मला आठवत नाही.

२५ ऑक्टोबर हा ओकिनावात कराटे दिन असतो. १९३६ साली त्या तारखेला नाहामध्ये तिथल्या बड्या गुरूंची बैठक झाली होती, त्याची आठवण.

आणि टोकियोची गोष्ट निघाली आहे तर कातातलं सुवर्णही सांगितलं पाहिजे. पुरुषांच्या कातात किऊना र्‍यो जिंकला. ओकिनावाचा मुलगा, आणि ओकिनावाला मिळालेलं ते पहिलंच ऑलिंपिक सुवर्ण. पदक घेताना हातात वारलेल्या आईचा फोटो होता. स्थळ बुदोकान, पहिली जागतिक स्पर्धा १९७० मध्ये जिथे झाली तेच. पॅरिसला २०२४ मध्ये कराटे वगळलं, त्याचं इथे लोकांना फार लागलं.

योकोहामाहून कामाकुरा जवळ आहे. तिथे एन्गाकुजी मठाच्या आवारात फुनाकोशींचं स्मारक आहे. दगडावर त्यांचं वाक्य कोरलंय, कराटेत पहिला वार नसतो अशा अर्थाचं. भारतातून कराटे करणारं कोणी आलं की मी तिथे घेऊन जातो.

---

डोंबिवलीकर_बाबा

सगळ्यांचे आभार. इतकं सविस्तर मिळेल असं वाटलं नव्हतं.

सेन्सेईबाई, तुमचं वाचून काल रात्री जेवणं झाल्यावर मुलीला म्हटलं, ये, माझ्यासमोर ती चौथी हालचाल कर. तिचं मनगट घट्ट धरलं. पहिल्यांदा तिने नुसताच हात हिसकला, काही सुटला नाही. मग मी तुमचं सांगितलं, पाय मागे घे, अंगठ्याकडून फिरव. सटकन निघाला! माझी पकड काही कच्ची नाही. ती इतकी खूश झाली की आईला, आजीला, सगळ्यांना मनगट धरायला लावलं.

आज सरांशी पुन्हा बोललो, या वेळी बुंकाई हा शब्द घेऊन. ते म्हणाले की ग्रीन बेल्टनंतर शिकवतात, पण पालकांना रस असेल तर शनिवारी शेवटची वीस मिनिटं जोडीत करून घ्यायला तयार आहेत. फक्त जोडीला मोठं माणूस कमी पडतं, म्हणून मी यावं असा त्यांचा आग्रह आहे.

तर आता माझा तिसरा प्रश्न पुन्हा. वय ४४, नोकरी बसून, उजवा गुडघा पायऱ्या उतरताना कुरकुरतो. आणि एका नातेवाइकाने सांगितलं की त्यांच्या मुलाच्या वर्गात दीड वर्षात ब्लॅक बेल्टची हमी देतात, पैसे आधी भरायचे. हे नॉर्मल आहे का?

---

सेन्सेईबाई

वा! आजीनेसुद्धा मनगट धरलं हे वाचून फार आनंद झाला. आणि सर चांगले आहेत हो तुमचे. विचारल्यावर वेळ काढतात, यापेक्षा जास्त काय हवं? वर्ग बदलायचा विचार सोडा.

हमीचं आधी सांगते. ब्लॅक बेल्टची हमी कोणी देऊ शकत नाही, कारण परीक्षा द्यायची ती मुलाला. नियमित येणाऱ्या मुलाला शोदानपर्यंत, म्हणजे पहिल्या ब्लॅक बेल्टपर्यंत, चारेक वर्षं सहज लागतात, लहान वयात सुरू केलं तर जास्तच. परीक्षेची फी असते, ती रीतसर आहे, प्रमाणपत्र आणि पट्टा त्यात येतो. पण किती महिन्यांनी परीक्षा, फी किती, प्रमाणपत्र कोणत्या संघटनेचं, हे सर सुरुवातीलाच स्पष्ट सांगतात की नाही ते बघा. आणि परीक्षेत कधी कोणी नापास होतं का, हे विचारा. कोणीच कधी नापास होत नसेल तर त्या पट्ट्याला काय अर्थ राहिला? माझ्याकडे नापास झालेली पोरं तीन महिन्यांनी पुन्हा उभी राहतात, आणि त्यांचा काता बघण्यासारखा झालेला असतो.

आता तुमचा गुडघा. आधी डॉक्टरांना दाखवा, कुरकुर कशाची आहे ते कळू द्या. त्यांनी होकार दिला की या गोष्टी पाळा. झेनकुत्सु-दाची, म्हणजे पुढचा पाय वाकवलेली ती लांब बैठक, मुलांइतकी खोल घेऊ नका. पुढचा गुडघा पावलाच्या बोटांच्या दिशेलाच राहिला पाहिजे, आत पडला की दुखणार. वळताना आधी वजन हलकं करा, पाऊल फिरू द्या, मग कंबर. पाऊल जमिनीला चिकटलेलं आणि अंग फिरतंय, असं झालं की सगळा पीळ गुडघ्यात जातो. सोसायटीच्या हॉलमध्ये गुळगुळीत फरशी असेल, अनवाणी घाम आला की पाय एकतर सरकतो नाहीतर चिकटतो. सोबत पंचा ठेवा. किक कमरेच्या वर न्यायची घाई नको. माए-गेरी, ती समोरची किक, पोटाच्या उंचीला नीट बसली तरी भरपूर झालं. सेइझा, म्हणजे गुडघे दुमडून बसणं, जमत नसेल तर सरांना सांगून मांडी घाला, कोणी काही म्हणणार नाही. माझ्याकडे पन्नाशीच्या दोन बायका येतात, त्या मांडीच घालतात.

शनिवारच्या जोडीच्या वेळी एक लक्षात ठेवा. मुलीला पकडताना पहिल्यांदा हलकं धरा, तिला वाट सापडली की थोडं घट्ट, मग आणखी. सुरुवातीलाच सगळा जोर लावला तर ती खांद्याने हिसकायला शिकेल, आणि ती सवय जायला फार दिवस लागतात. मनगट झालं की दोन्ही हातांनी धरा, मग मागून दंड धरा. प्रत्येक वेळी सुटल्यावर तिने काय करायचं? मोठ्याने ओरडायचं आणि पळायचं. कातात नवव्या आणि सतराव्या हालचालीला जी किआईची आरोळी असते ती लाजत लाजत देऊ नको म्हणावं. छातीतून नाही, पोटातून. आपल्या मुलींना चारचौघांत आवाज चढवायची सवयच नसते, आणि माझ्या अनुभवात ठोशापेक्षा ते शिकवायला जास्त वेळ लागतो. जमलं की घरात दोन दिवस कानठळ्या बसतील, बसू द्या.

गी लगेच विकत घेऊ नका. महिनाभर ट्रॅक पँट आणि सुती टी-शर्ट चालतो, सरांना विचारून घ्या. घ्याल तेव्हा सुती असेल तर एक माप मोठा घ्या, पहिल्या धुण्यात आटतो.